कागदांची हजेरी

२०२४ साली पावसाळ्याच्या सुरुवातीला साताऱ्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी माझ्याकडे आली. तिला कॉलेजात प्रकल्प होता : 'सातारा-सांगली परिसरातील गुन्हे आणि न्यायव्यवस्था, एक ऐतिहासिक आढावा'. साहित्य इंटरनेटवरून गोळा करा, मात्र ते विश्वसनीय असू द्या, असं तिला सांगण्यात आलं होतं. विश्वसनीय कशाला म्हणायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं. मी कायद्याचा पदवीधर नाही, इतिहासाचाही नाही. पंचवीस-तीस वर्षं जुने कागद चाळण्याचा नाद आहे, एवढंच. वाचनालयातल्या ओळखीवर ती आली होती.

पिशवीतून तिने पाच-सहा छापील पानं काढली. एका पानावर पिवळ्या शाईने एक परिच्छेद रंगवला होता. या भागात काही जाती पिढ्यान्‌पिढ्या जन्मजात गुन्हेगार होत्या, असं त्यात ठामपणे लिहिलं होतं आणि पुढे जातींची यादी होती. लेखकाचं नाव नाही, तारीख नाही, आधार नाही.

"सर, या यादीत रामोशी आहेत. मी रामोश्यांचीच. हे मी माझ्याच हाताने प्रकल्पात लिहायचं का? आणि नाही लिहिलं, तर विश्वसनीय माहिती वगळली असं होईल का?"

या प्रश्नाला लगेच देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तिला म्हटलं, "आधी हे वाक्य कुठून आलं ते बघू. माणसाला विचारतो तसं कागदालाही विचारायचं : तू कुणाचा, कधीचा, कुणासाठी लिहिलास?" पुढचे चार महिने आम्ही अधूनमधून हेच करत होतो. त्यात जे हाती लागलं ते इथे मांडतो, कारण आज या विषयाचा अभ्यास करणारी बहुतेक मुलं सुरुवात संगणकावरच करतात. आणि तिथे पहिल्यांदा काय समोर येतं, यावर पुष्कळ काही ठरतं.

*

त्या परिच्छेदाची भाषा मला ओळखीची वाटली. ती आजची नव्हतीच. जुन्या सरकारी इंग्रजीचं ते कुणीतरी केलेलं ओबडधोबड मराठी होतं. 'बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियर'चा सातारा जिल्ह्याचा एकोणिसावा खंड १८८५ साली निघाला. जेम्स कॅम्पबेल त्या मालिकेचे संपादक होते. हा खंड आज आर्काइव्हच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. साताऱ्याच्या अभ्यासकाचं त्याच्यावाचून चालत नाही. पिकं, पाऊस, रस्ते, बाजार यांची इतकी बारीक नोंद दुसरीकडे सापडणं कठीण. पण हेच पुस्तक जातींचं वर्णन करताना कुणी मेहनती, कुणी आळशी, कुणावर पोलिसांची नजर ठेवावी अशी, असं सहज लिहून जातं. ते जिल्हा चालवणाऱ्या साहेबाच्या टेबलासाठी लिहिलेलं आहे. शेतसाऱ्याचे आकडे त्याच्याकडे पक्के असणार, कारण ती त्याची वसुली होती. माणसाच्या स्वभावाबद्दलचे त्याचे शेरे मात्र त्याच वजनाने घेता येत नाहीत. एकाच जिल्ह्याचं एकच पुस्तक एका पानावर भरवशाचं आणि दुसऱ्या पानावर बिनभरवशाचं असू शकतं, ही आमची पहिली शिकवणी.

त्याच्याही मागे गेलो. मुलीने उमाजी नाईकांचं नाव इंग्रजीत टाकून शोध घेतला, तर हाती अलीकडचीच पानं लागली. मी तिला स्पेलिंग बदलायला सांगितलं. कंपनी सरकारच्या काळात इंग्रज लोक मराठी नावं कानाला जशी लागत तशी लिहीत. रामोशीचं 'रामूसी', उमाजीचं 'ऊमिया'. साताऱ्यालाही ते कधी दोन 'टी' लावत. हे रूप टाकताच अलेक्झांडर मॅकिंटॉश या कॅप्टनचं १८३३चं पुस्तक समोर आलं. रामोशी जमातीची हकीकत आणि त्यात उमाजीचं चरित्र.

उमाजींना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी झाली. म्हणजे फाशीच्या पुढच्याच वर्षी हे पुस्तक छापून निघालं. मॅकिंटॉश कोण, तर उमाजींच्या पाठलागावर असलेला लष्करी अधिकारी. उमाजींविषयी आज जे तपशील सांगितले जातात त्यांतले कितीतरी शेवटी या शत्रूच्या लेखणीपर्यंत जाऊन पोचतात. मुलगी म्हणाली, "मग हे पुस्तक टाकूनच द्यायला हवं." मी म्हटलं, टाकायचं नाही, उलटतपासणी घ्यायची. आपल्या बाजूला सोयीचं नसतानाही विरोधी साक्षीदार जे कबूल करतो, ते मोलाचं असतं. रामोशी हे गडांचे पहारेकरी आणि गावांचे राखणदार होते. पेशवाई बुडाल्यावर नव्या राजवटीत त्यांची गडावरची कामं आणि हक्क गेले, आणि बंडाला त्यातून धार आली. हा क्रम लक्षात आला की 'जन्मजात' हा शब्द आपोआप गळून पडतो. १८१८ पर्यंत ज्यांच्या भरवशावर गाव झोपत होतं ते पंधरा वर्षांत जन्मजात चोर कसे झाले? रक्त तेच होतं, बदलली होती ती चाकरी आणि तिचा मोबदला.

हा शब्द पुढे कायद्यात शिरला. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ साली तो देशभर लावण्याची सोय झाली आणि १९२४ साली त्याची एकत्रित नवी आवृत्ती निघाली. सरकारने राजपत्रात नाव छापलं की ती जमात गुन्हेगार. नोंद झालेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, परगावी जायचं तर परवानगी घ्यायची. आणि त्या राजपत्रातल्या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करायचा नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं. मुलीने ते कलम दोनदा वाचलं. "म्हणजे कोर्टालासुद्धा कागदाला विचारायची बंदी?" हो. म्हणूनच आज ज्यांना विचारता येतं त्यांनी विचारलं पाहिजे.

हा कायदा देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. अनंतशयनम अय्यंगार समितीने त्याआधी तशी शिफारस केली होती. आज रामोशी, कैकाडी, वडार, बेरड यांच्यासह १४ समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. पुढे २००८ साली बाळकृष्ण रेणके आयोगाने आणि नंतर भिकू इदाते आयोगाने अहवाल दिले. त्या परिच्छेदाच्या लेखकाने १८८५च्या गॅझेटियरची भाषा उचलली आणि नंतरच्या सव्वाशे वर्षांत सरकारनेच स्वतःचा शब्द कसा मागे घेतला ते सोडून दिलं. जुन्या कागदाचा शोध घेताना त्याच प्रश्नावरचा शेवटचा सरकारी कागद कोणता, हेही बघायचं असतं.

*

दुसरी अडचण अगदी साधी होती, पण तिने आमचे पंधरा दिवस खाल्ले. मुलगी 'सांगली जिल्हा' असं लिहून १९४०च्या आसपासचे गुन्हे आणि खटले शोधत होती आणि काहीच सापडत नव्हतं. सापडणार कसं? तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता.

आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात होते. सांगली, मिरज आणि जत ही संस्थानं. आटपाडी आणि कुंडल हे औंध संस्थानचे, आणि औंध गाव स्वतः आज सातारा जिल्ह्यात. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली 'दक्षिण सातारा' जिल्हा बनला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणून वाळव्याचा १९४३चा खटला शोधायचा तो साताऱ्याच्या नावाखाली, सांगली शहराचा शोधायचा तो सांगली संस्थानच्या, आणि कुंडलचा औंधच्या. प्रत्येक संस्थानचं न्यायालय वेगळं, पोलीस वेगळे, तुरुंग वेगळा. १९५५ सालचं काही हवं असेल तर 'दक्षिण सातारा' असंच लिहावं लागतं. राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाने सातारा जिल्ह्याचा नवा गॅझेटियर १९६३ साली आणि सांगलीचा १९६९ साली काढला. दोन्ही संगणकावर वाचता येतात. विद्यार्थ्याने आधी त्यातलं जिल्ह्याच्या घडणीचं पान वाचावं आणि मगच शोधाला बसावं.

हद्दींचा हा गुंता संशोधकालाच नव्हे, तेव्हाच्या पोलिसांनाही छळत होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं एक मोठं केंद्र कुंडल होतं. ते औंधच्या हद्दीत होतं. इंग्रजी मुलखात काही घडलं की शिवार ओलांडून संस्थानात जाता येई. नकाशा समोर ठेवला की चळवळीचा भूगोल कळतो आणि कागद कुठल्या दफ्तरात असतील त्याचाही अंदाज येतो.

*

प्रतिसरकारचा काळ १९४३ ते १९४६. गुन्हा आणि न्याय यांच्या अभ्यासाला याहून चांगलं उदाहरण आपल्या भागात नाही, कारण इथे दोन सरकारं एकाच मुलखात एकमेकांना गुन्हेगार ठरवत होती. प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, जमिनीचे आणि घरगुती तंटे मिटवले, दरोडेखोरांच्या टोळ्यांना शिक्षा केल्या. आणि इंग्रज सरकारच्या लेखी हेच लोक दरोडेखोर होते. पायांना दिल्या जाणाऱ्या शिक्षेवरून पडलेलं 'पत्री सरकार' हे नावही असंच दोन्ही बाजूंनी फिरलं. कुणी ते हिणवण्यासाठी वापरलं, कुणी अभिमानाने.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. सरकारच्या दृष्टीने हा दरोडा. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळावर कॅप्टन भाऊ ऊर्फ रामचंद्र लाड यांची हकीकत आहे. नव्वदी ओलांडलेल्या भाऊंचा 'लूट' या शब्दालाच आक्षेप होता. इंग्रजांनी लोकांचा चोरलेला पैसा आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं. 'पारी'चं साहित्य मराठीतही आहे, त्यावर लेखकाचं, अनुवादकाचं नाव आणि तारीख असते.

दुसऱ्या बाजूचे कागद पाहायचे तर राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' आहे. प्रांतिक सरकारं दर पंधरवड्याला दिल्लीला परिस्थितीचा अहवाल पाठवत. गृह खात्याच्या राजकीय शाखेच्या फायली तिथल्या सूचीत शोधता येतात आणि स्कॅन झालेल्या असतील तर वाचताही येतात. मी मुलीला एक तक्ता करायला लावला. डाव्या रकान्यात सरकार काय म्हणतं, उजव्यात कार्यकर्ते काय म्हणतात, आणि मधल्या रकान्यात दोघं ज्यावर सहमत आहेत ते. तारीख, ठिकाण, गाडी पगाराची होती ही गोष्ट, हे मधल्या रकान्यात आलं. 'दरोडा' आणि 'परत आणलं' हे शब्द आपापल्या रकान्यांत राहिले. एकमेकांचे वैरी असलेले दोन साक्षीदार जिथे एक बोलतात तिथे बरंचसं खरं असतं. त्यांचे शब्द जिथे वेगळे होतात तिथे खरा अभ्यास सुरू होतो.

सांगलीच्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार निसटले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात गोळीबाराला बळी पडले. या घटनेवर इंटरनेटवर चिकार पानं आहेत. त्यांतली बरीच एकमेकांची नक्कल आहेत, चुकांसकट. दहा पानांवर तेच वाक्य तसंच्या तसं दिसलं तर ते दहा पुरावे होत नाहीत. तो एकच पुरावा दहा वेळा मोजलेला असतो. मुलीने हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं.

*

याच शोधात एक ठिकाण असं लागलं, की ज्यामुळे प्रकल्पाचा तोलच बदलला. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. व्ही. शांताराम यांचा जेलर सहा कैद्यांना भिंतीबाहेर नेतो आणि शेती करायला लावतो. कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमांचा मुलूख आटपाडीचा, आणि आटपाडीजवळच औंध संस्थानने १९३०च्या दशकाच्या अखेरीस 'स्वतंत्रपूर' ही खुल्या तुरुंगाची वसाहत उभी केली होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी याच सुमारास, १९३९ साली, आपला अधिकार लोकांच्या हाती देणारी राज्यघटना औंधला दिली. पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन हे या घटनेत आणि स्वतंत्रपूरच्या कल्पनेत त्यांच्यासोबत होते. भिंत नाही, बेड्या नाहीत. शिक्षा झालेल्या माणसाने कुटुंबासह राहायचं आणि जमीन कसायची.

चित्रपट संगणकावर कुठेही मिळतो. ज्या वसाहतीवरून तो सुचला तिची माहिती मात्र तुटक मिळते, आणि तीही 'औंध' हा शब्द टाकला तर. सांगली आणि तुरुंग असं शोधलं की वसंतदादा येतात, स्वतंत्रपूर येत नाही. आज आटपाडी सांगली जिल्ह्यात असूनही.

मी दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. एकाच प्रदेशात, एकाच काळात, एका बाजूला गुन्हेगार जमातींचा कायदा होता. त्याने गुन्हा न केलेल्या माणसालाही जन्मामुळे हजेरीला उभं केलं. दुसऱ्या बाजूला स्वतंत्रपूर होतं. त्याने गुन्हा सिद्ध झालेल्या माणसावरही विश्वास टाकला. पहिल्याचे कागद हजारो पानांनी स्कॅन झाले आहेत, कारण ते साम्राज्याचे होते आणि लंडन-मुंबईच्या ग्रंथालयांत जपले गेले. दुसरं एका छोट्या संस्थानचं, आणि संस्थान १९४८ साली विलीन झालं. शोधयंत्र यांतलं पहिलं दाखवतं आणि दुसरं झाकून ठेवतं. त्याचा यात काही डाव नाही. ज्याचा कागद जास्त, त्याचा आवाज मोठा, इतकंच. पण विद्यार्थ्याला हे माहीत नसेल तर त्याला वाटेल की आपल्या भागात फक्त पहिलंच घडलं.

*

इतिहासातून वर्तमानात आलो तेव्हा साधनं बदलली, पण प्रश्न तेच राहिले.

कायदा पाहायचा तर 'इंडिया कोड' हे केंद्र सरकारचं संकेतस्थळ. तिथेही तारीख महत्त्वाची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला १८६०चा दंडविधानच लागतो. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल 'ई-एससीआर'वर २०२३ पासून कुणालाही फुकट वाचता येतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. जिल्हा न्यायालयातला खटला कुठवर आला ते 'ई-कोर्ट्स'वर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून कळतं. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आणि सातारा-सांगली त्याच्या कक्षेत आले. म्हणजे इथून पुढे शोधताना मुंबईबरोबर कोल्हापूरही ध्यानात ठेवावं लागेल. संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीचे प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा आदेश आहे. पण प्रथम खबर म्हणजे तक्रार, निकाल नव्हे. विद्यार्थी हा फरक शिकलेले असतात आणि लिहिताना हमखास विसरतात.

'इंडियन कानून' हे खासगी पण फार उपयोगी संकेतस्थळ. प्रत्येक निकालापुढे तो नंतर कुठे उद्धृत झाला त्याची यादी तिथे मिळते. ती न पाहता निकाल वापरू नये, हे सांगायला मी मुलीला अंकुश मारुती शिंदे खटला दाखवला. २००३ साली नाशिक भागात झालेल्या भीषण गुन्ह्यात ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना फाशी सुनावली. तो निकाल संकेतस्थळावर जसाच्या तसा आहे, अधिकृत आहे, खरा आहे. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. हे गरीब मजूर, भटक्या जमातीतले होते. अशा माणसांना गंभीर गुन्ह्यात गोवलं जाण्याची शक्यता न्यायालयाने बोलून दाखवली. पहिलाच निकाल वाचून कुणी प्रकल्प लिहिला असता तर त्याने अधिकृत कागदाच्या आधारे निरपराध माणसांना पुन्हा एकदा खुनी ठरवलं असतं.

आकड्यांचंही तेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'क्राइम इन इंडिया' ही वार्षिकं १९५३ पासूनची आहेत. त्यांत मोजले जातात ते नोंदलेले गुन्हे, घडलेले नव्हेत. एका तक्रारीत अनेक कलमं असतील तर त्यांतलं सर्वांत गंभीर कलमच मोजणीत येतं. एखाद्या वर्षी एखाद्या जिल्ह्यात बायकांच्या तक्रारींचा आकडा फुगला, तर तिथे अत्याचार वाढले असतील किंवा ठाण्यात जाण्याचं धैर्य वाढलं असेल. नुसता आकडा यांतलं काहीच सांगत नाही.

आता मुलं आणखी एक सोपी वाट धरतात. यंत्राला प्रश्न विचारतात आणि ते गुळगुळीत उत्तर देतं. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी असं यंत्राने रचलेले, कधीच न झालेले खटले न्यायालयात सादर केले. त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. यंत्राने नाव दिलं तर हरकत नाही, पण मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते नाव वहीत उतरवू नये.

आणि घरचं एक साधन आपण विसरतो. मराठी विश्वकोश वाईचा, म्हणजे सातारा जिल्ह्यातलाच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला हा प्रकल्प आज संगणकावर आहे. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, पुष्कळदा संदर्भही असतात. नाव घालून लिहिणारा माणूस चुकला तर सापडतो. हा भरवशाचा पहिला पाया आहे.

*

ऑक्टोबरात प्रकल्प संपत आला होता. ३ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा सुकन्या शांता खटल्याचा निकाल आला. तुरुंगांमध्ये जातीवरून कामं वाटून देणाऱ्या नियमांवर या पत्रकार बाईंनी लिहिलं होतं आणि मग याचिका केली होती. न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त समाजांकडे सवयीचे गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या तरतुदींवर कोरडे ओढले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षं झाली होती. शब्द अजून तुरुंगाच्या नियमपुस्तकांत जिवंत होता. आणि मुलीच्या त्या पिवळ्या परिच्छेदातही.

दुसऱ्या दिवशी ती निकालाची प्रत घेऊन आली. या वेळी तिने त्याबरोबर दोन हस्तलिखित पानंही आणली होती. तिची आजी तिच्या मूळ गावी असते. आजीच्या वडलांचा काळ हजेरीचा. मुलीने मोबाइलवर आजीचं बोलणं टिपलं होतं आणि जसंच्या तसं उतरवलं होतं : "आमचा बा सांजच्याला चावडीवर हजेरीला जायाचा. ताप असला तरी जायाचा. आय दाराशी हुबी ऱ्हायाची, त्यो येईस्तवर जेवायची न्हाई." खाली तारीख, गाव, सांगणारीचं वय आणि टिपून घेणारीचं नाव.

"सर, हे विश्वसनीय धरतील का? हे कुठल्याच संकेतस्थळावर नाही."

मी म्हटलं, कॅम्पबेलच्या पुस्तकाला जे चार प्रश्न विचारलेस तेच याला विचार. कुणी सांगितलं, केव्हा, कुणाला, आणि सांगणारीला ते कसं माहीत? चारही उत्तरं कागदावर आहेत. आजीला तारखा नीट आठवणार नाहीत, त्या सरकारी कागदातून घे. आई दाराशी जेवणाशिवाय उभी राहायची, हे कुठल्याही सरकारी कागदात सापडणार नाही.

प्रकल्पात तो पिवळा परिच्छेदही गेला. तिने तो वगळला नाही. तो कोणत्या भाषेतून, कोणत्या पुस्तकांच्या वाटेने, किती वर्षं चालत तिच्यापर्यंत आला, ते तीन पानांत लिहिलं, आणि त्याच्यासमोर आजीची दोन पानं ठेवली. मधला रकाना तिथेही होता.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी, विशेषतः वाळवा, तासगाव, खानापूर, खटाव, कराडकडे, जुन्या ट्रंकांत प्रतिसरकारच्या चिठ्ठ्या, न्यायदान मंडळाचे निवाडे, संस्थानी कोर्टाचे समन्स, हजेरीचे दाखले पडून असतील. दिवाळीची साफसफाई उरकताना ते रद्दीत जाण्याआधी एकदा उलगडावेत. फोटो काढून ठेवावा, आणि फोटोबरोबर चार गोष्टी लिहाव्यात : कागद कुणाचा, केव्हाचा, कुठून आला, आणि घरात त्याची कोणती आठवण सांगितली जाते. माणसांची हजेरी घेणाऱ्यांचे कागद जपले गेले, स्कॅनही झाले. ज्यांनी हजेरी दिली त्यांचे कागद कुठे असतील तर ते आपल्याच घरांत आहेत.